पेटलेल्या जहाजाचा तो व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुठून आला?

भूगोलाच्या बाई, ऐरोली
१२ मार्च २०२४, रात्री ९.४०

नमस्कार. मी ऐरोलीत राहते, मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला भूगोल शिकवते. माझा मुलगा मर्चंट नेव्हीत थर्ड ऑफिसर आहे, प्रॉडक्ट टँकरवर, म्हणजे पेट्रोल-डिझेल वाहणाऱ्या जहाजावर. प्रश्न विचारायच्या आधी २६ जानेवारीच्या रात्री काय झालं ते सांगते. थोडं लांबेल.

मुलगा जहाजावर असला की मी रात्री फोन सायलेंट करत नाही. त्या रात्री एकच्या सुमारास फोन वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ होता आणि वर ओळ होती, ‘लाल समुद्रात आपल्या लोकांचं जहाज पेटलं.’ टाकणारे आमच्याच विंगमधले आजोबा, सज्जन माणूस. व्हिडिओ हेलिकॉप्टरमधून काढल्यासारखा. समुद्रात उभं जहाज, पांढरा-काळा धूर, बाजूला दोन टग (जहाजं ओढणाऱ्या बोटी) पाण्याचे फवारे मारतायत. माझा मुलगा त्या आठवड्यात एडनच्या आखातात होता. एवढंच मला माहीत होतं.

टीव्ही लावला. एका वाहिनीवर खाली पट्टी फिरत होती, तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्राचा मारा. नाव नाही. जहाजाची जागा दाखवणाऱ्या ॲपवर मुलाच्या जहाजाची शेवटची खूण चौदा तास जुनी होती. त्या भागात हल्ल्याच्या भीतीने जहाजं आपला सिग्नल बंद ठेवतात, हे त्यानेच मला सांगितलं होतं, तरी त्या क्षणी ते आठवत नाही हो. बेलापूरच्या ज्या एजन्सीमार्फत तो जहाजावर गेला, तिचा इमर्जन्सी नंबर लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. सकाळी एकाने उचलला आणि म्हणाला, ‘मॅडम, शनिवार आहे, माहिती आली की कळवू.’

मधल्या वेळात मी तो व्हिडिओ वीस-पंचवीस वेळा पाहिला असेल. चारच्या आसपास कधीतरी लक्षात आलं, की त्या जहाजावर कंटेनरच्या चळती आहेत. लाल, निळे, एकावर एक. काही वाकून समुद्रात कलंडलेत. टँकरच्या डेकवर पाइप असतात, तेल भरायच्या-काढायच्या नळांचा मॅनिफोल्ड असतो, कंटेनर नसतात. मुलाने मला डेकचे फोटो दाखवलेत, मला माहीत आहे. म्हणजे हे त्याचं जहाज नाही, आणि बातमीतलंही नाही, कारण बातमी तेलवाहू म्हणत होती. तेव्हा कुठे मी पाणी प्यायले.

पाच वाजून दहा मिनिटांनी मुलाचा मेसेज आला. ‘आई झोप. आम्ही ठीक. कॅप्टनने वायफाय बंद केलं होतं.’

दुसऱ्या दिवशी कळलं, की पेटलेलं जहाज होतं ‘मार्लिन लुआंडा’. त्यावर २२ भारतीय आणि १ बांगलादेशी. आपलं आयएनएस विशाखापट्टणम मदतीला गेलं, नौदलाच्या माणसांनी त्यांच्या बरोबरीने आग विझवली. बावीस घरांत ती रात्र कशी गेली असेल, याचा विचार माझ्या डोक्यातून आजही जात नाही. म्हणजे घटना खरी होती. चित्र भलतंच होतं.

आज लिहितेय, कारण गेल्या बुधवारी ६ तारखेला ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावर हल्ला झाला, तीन खलाशी गेले, दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी. आणि ग्रुपवर पुन्हा कुठकुठले व्हिडिओ यायला लागले.

मला कळून घ्यायचंय ते असं. समुद्रात एखादं जहाज पेटतं, तिथून माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ती बातमी कोणकोणत्या हातांतून येते? पहिला हात कुणाचा? पुढच्या वेळी मी थेट त्या पहिल्या हाताशी जाऊ शकते का? आणि एक गोष्ट मला खुपते, ती इथेच बोलते. त्या बातम्यांत जहाज कुणाशी संबंधित, माल कुणाचा, झेंडा कुठला, हे सगळं पहिल्या ओळीत. माणसं कोण होती हे अगदी खाली. असं का? व्हिडिओ कुणाला ओळखता आला तर तेही सांगा. एका कोपऱ्यात पुसट गोल गोल अक्षरं होती, मला वाचता आली नाहीत.

रात्रपाळी, नौपाडा ठाणे
१२ मार्च, रात्री ११.५५

बाई, मी मराठी वर्तमानपत्राच्या डेस्कवर १९ वर्षं काढली, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. व्हिडिओचं आधी. हेलिकॉप्टर, कलंडलेले कंटेनर, पांढरा-काळा धूर, टगचे फवारे. हे ‘एक्स-प्रेस पर्ल’ असणार. मे २०२१, कोलंबोच्या बाहेर. कित्येक दिवस जळत होतं आणि २ जूनला बुडालं. तुमच्याकडे क्लिप असेल तर एक फ्रेम थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि गूगल लेन्सला द्या, जुने फोटो समोर येतील.

आता हात. तुमच्या त्या रात्रीपुरतं सांगतो. पहिला हात बहुतेक वेळा यूकेएमटीओ. ब्रिटिश नौदलाचं कार्यालय आहे, त्या पाण्यातली व्यापारी जहाजं स्वतःहून त्यांना कळवतात. त्यांचं पत्रक चार ओळींचं असतं आणि त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसतं. घटना क्रमांक, वेळ, जवळच्या बंदरापासून किती सागरी मैल आणि कोणत्या दिशेला, काय झालं. जहाजाचं नाव सहसा नसतं. ॲम्ब्री नावाची खाजगी सुरक्षा कंपनी आहे, ती झेंडा आणि जहाजाचा प्रकार सांगते. रॉयटर्स, एपी, एएफपी या परदेशी वृत्तसंस्था हे दोन्ही उचलतात, मालकाला फोन करतात. तिथून आपली वृत्तसंस्था पीटीआय, तिथून आमच्यासारखे डेस्क. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यासाठी साडेपाच तास मिळवायचे. हे तुम्हाला मी काय सांगणार!

आता डेस्कवर काय होतं ते ऐका. इंग्रजीत येतं ‘गल्फ ऑफ एडन’. रात्री दीड वाजता पान सोडायचं असतं, मथळ्याला एकच ओळ. ‘एडनच्या आखातात’ लांब होतं आणि उपसंपादकाला वाटतं वाचकाला एडन कुठे माहीत असणार. मग ‘लाल समुद्रात’ होतं. मी स्वतः हे केलेलं आहे. बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी मधे आहे, हे दोन वेगळे समुद्र आहेत, आणि ज्या घरातला मुलगा नेमका एका बाजूला आहे त्या घराला त्या एका शब्दाने काय होतं, हे तुमचं लिहिलेलं वाचून मला पहिल्यांदा कळलं. आजपासून माझ्या हातून ते होणार नाही.

माणसं शेवटी का, याचं उत्तर बातमीच्या उगमात आहे. पहिली माहिती देतात नौदलं, विमावाले, सुरक्षा कंपन्या. त्यांच्या तक्त्यात रकाने आहेत जहाज, झेंडा, जागा, नुकसान यांचे. खलाशी कुठल्या देशाचे हे त्यांना पहिल्या तासात लागत नाही. ते येतं नंतर, आपल्या नौदलाकडून किंवा फिलिपिन्सच्या मनिलाहून. तोवर बातमीचा सांगाडा ठरलेला असतो, खालची ओळ फक्त जोडली जाते.

आणि ही गोष्ट आजची नाही. १८७० साली रॉयटर, फ्रान्सची हावास आणि जर्मनीची वुल्फ या तीन एजन्सींनी करार करून जगाचे वाटे केले. कुणी कुठल्या मुलखातल्या बातम्या गोळा करायच्या आणि विकायच्या. हिंदुस्थान रॉयटरच्या वाट्याला गेला. मुंबईतली बातमी जगाला लंडनच्या नजरेतून दिसायची, आणि जगातली मुंबईला तशीच. पीटीआयने १९४९ मध्ये काम सुरू केलं तेव्हा आपल्या हातात काही आलं. सत्तरच्या दशकात अलिप्त देशांनी आपापल्या एजन्सींचा, बातम्या वाटून घेणारा ‘न्यूज पूल’ काढला, युगोस्लाव्हियाची तान्युग पुढे होती, आपली पीटीआय होती. एका गरीब देशाची बातमी दुसऱ्या गरीब देशाला लंडन-न्यूयॉर्कच्या हाताशिवाय मिळावी, एवढीच मागणी. याच प्रश्नावर युनेस्कोने शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, त्यात आपले पत्रकार बी. जी. व्हर्गीस होते. अहवाल १९८० ला आला. पुढे अमेरिका १९८४ च्या अखेरीस युनेस्कोतूनच बाहेर पडली, ब्रिटन वर्षभराने. तो ‘न्यूज पूल’ हळूहळू आटला. तो अपुरा होता, सरकारी पत्रकांनी भरलेला होता, हे मान्य. पण मागणी चूक नव्हती. मार्लिन लुआंडावरच्या बावीस जणांची बातमी मला लंडनहून आधी येते आणि दिल्लीहून नंतर, यात ती मागणी अजून तशीच उभी आहे.

घणसोलीची सिस्टर
१३ मार्च, सकाळी ६.२०

गोल गोल अक्षरं म्हणजे मल्याळम असणार ताई. आमच्या वॉर्डात अर्ध्या जणी केरळच्या, त्यांच्या फोनवर रोज बघते. ड्यूटी संपवून घरी जाताना वाचलं, डोळे भरून आले. मुलगा सुखरूप आहे ना आता?

जुना मार्कोनी, कोपरी ठाणे पूर्व
१३ मार्च, सकाळी १०.१५

बाईसाहेब, मी मूळचा मालवणचा, जहाजावर रेडिओ ऑफिसर होतो. आम्हाला सगळे मार्कोनी साबच म्हणत. १ फेब्रुवारी १९९९ पासून नवी उपग्रहाची पद्धत सगळ्या जहाजांना लागू झाली आणि आमची जातच संपली.

१९८७ साली इराण-इराकच्या लढाईत आम्ही टँकर घेऊन फारसच्या आखातात होतो. रोज कुठल्या ना कुठल्या जहाजाला लागायचं. घरी मालवणात ट्रान्झिस्टरवर बीबीसी हिंदी लागायचं, त्यात ‘आखातात टँकरवर हल्ला’ एवढंच. नाव नाही. तेव्हासुद्धा नाहीच. माझी आई संध्याकाळी रेडिओ बंद करून ठेवायला लागली होती, असं मला नंतर भावाने सांगितलं.

पण एक फरक होता, तो तुम्हाला सांगायला बसलोय. आमच्या रेडिओ रूममध्ये घड्याळ असायचं, त्याच्या तबकडीवर लाल पट्टे रंगवलेले. प्रत्येक तासाला पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस मिनिटं. त्या तीन-तीन मिनिटांत, संकटाची हाक जायची त्या ५०० किलोहर्ट्झवर, जगातल्या कुठल्याही जहाजाने बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. कुणी बुडत असेल, पेटलं असेल, आणि त्याचा आवाज क्षीण असेल, तर तो ऐकू यावा म्हणून. अटलांटिकपासून आपल्या अरबी समुद्रापर्यंत सगळे एका वेळी गप्प. मी कानाला हेडफोन लावून ती तीन मिनिटं हजारो वेळा ऐकली आहेत.

आणि दुसरं. रेडिओ टेलिग्राम पाठवताना मजकुराच्या आधी ठरलेल्या गोष्टी जायच्या. कुठून निघाला, नंबर, किती शब्द, तारीख, वेळ. त्या दिल्याशिवाय बॉम्बे रेडिओ या किनाऱ्यावरच्या केंद्रातला ऑपरेटर मजकूर घेतच नसे. शब्द मोजून कमी भरले तर तिथेच अडवायचा. मी घरी एकदाच केलेली तार भावाकडे अजून आहे, ‘सुखरूप, पत्र येते’. कागद पिवळा पडलाय, पण तारीख, वेळ, सगळं वर टायपात आहे. आज मिनिटात व्हिडिओ येतो आणि त्याच्यावर यातलं काहीही नसतं.

महापे नाइट
१३ मार्च, दुपारी ३.३०

काकांनी जे सांगितलं त्याचीच पुढची बाजू सांगतो. मी महापेत डेटा सेंटरमध्ये आहे. आधी २००८ मध्ये इथेच कॉल सेंटरला होतो. ३० जानेवारीला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या, आणि आमच्या फ्लोअरवर रांगेने कॉल पडायला लागले. तोपर्यंत मला वाटायचं इंटरनेट वरून, सॅटेलाइटने येतं.

देशादेशांमधला जवळपास सगळा डेटा समुद्राच्या तळावरून जातो. खोल समुद्रात ती केबल बागेला पाणी घालायच्या नळीएवढी असते, आत केसासारख्या काचेच्या तारा. आपल्याकडून युरोपला जाणारा मुख्य रस्ता मुंबई, एडनचं आखात, लाल समुद्र, इजिप्त. हाच रस्ता १८७० चा आहे. ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने त्याच वर्षी मुंबई ते एडन तारेची केबल टाकली. म्हणजे बाई, तुमचा मुलगा जिथून जात होता त्याच्याच खाली तुमचा तो व्हाट्सॲपसुद्धा जात होता.

गेल्या महिन्यात १८ फेब्रुवारीला ‘रुबीमार’ला क्षेपणास्त्र लागलं. खलाशी उतरले, जहाज नांगर टाकलेल्या अवस्थेत वाहत गेलं, २ मार्चला बुडालं. मधल्या काळात लाल समुद्रात तीन केबल तुटल्या, आणि त्या नांगरानेच ओढून तुटल्या असाव्यात असं म्हणतात. आमच्याकडे दुसऱ्या मार्गांवर ट्रॅफिक वळवायला रात्रभर माणसं बसली होती. दुरुस्तीचं जहाज त्या पाण्यात न्यायचं तर परवानगी कुणाची घ्यायची आणि विमा कोण देणार, इथून सुरुवात आहे.

व्हिडिओबद्दल. फॉरवर्ड करताना फाइल पुन्हा चढत नाही, सर्व्हरवर आहे तिचीच किल्ली पुढे जाते, म्हणून ते इतकं पटकन होतं. पण व्हाट्सॲपवर पाठवलेल्या व्हिडिओतली मूळ तारीख आणि जागेची नोंद गळून जाते. तुमच्या फोनला ती फाइल ‘आजची’ वाटते. व्हिडिओसोबत वेगळा लिहिलेला मेसेज असेल तर तो मागेच राहतो, फक्त व्हिडिओ पुढे सरकतो. दोन बाणांची खूण दिसली तर समजा निदान पाच हात झालेत. पाच पेक्षा जास्त चॅटला एकदम पाठवता येत नाही, ही मर्यादा आपल्याकडे २०१८ ला आली, मुलं पळवण्याच्या अफवांनी माणसं मारली गेली त्यानंतर. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक कराचीतल्या संस्थेने पालकांना सावध करायला बनवलेला होता. शेवटची पाटी कापली आणि तो सीमेच्या अलीकडे येऊन अफवा झाला.

रात्रपाळी, नौपाडा ठाणे
१३ मार्च, रात्री ११.१०

मार्कोनी काका, त्या लाल पट्ट्यांच्या घड्याळाचं तुम्ही सविस्तर लिहा. मी छापून आणायचा प्रयत्न करतो. खरंच.

बाई, एक राहिलं. गुरुग्रामला आपल्या नौदलाचं माहिती केंद्र आहे, डिसेंबर २०१८ पासून, हिंद महासागरातल्या घटनांची पत्रकं तेही काढतं. आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा टोल फ्री नंबर घरात लिहून ठेवा. कांजूरमार्गच्या डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याच्या, कंट्रोल रूमचा नंबरही काढून ठेवा. एजन्सीने उचलला नाही तरी तिथे माणूस असतो.

भूगोलाच्या बाई, ऐरोली
१७ मार्च, संध्याकाळी ७.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, मुलगा सुखरूप आहे.

लेन्सला फ्रेम दिली. ‘एक्स-प्रेस पर्ल’च. तेच कंटेनर, तोच धूर. त्याबद्दल वाचत बसले तर आणखी एक गोष्ट कळली. त्या जहाजावर नायट्रिक ॲसिडचा एक कंटेनर गळतोय हे खलाशांना आग लागायच्या आधीच कळलं होतं. तो उतरवून घ्या म्हणून कतारच्या हमाद बंदराला आणि आपल्या गुजरातमधल्या हजिऱ्याला विनंती केली. दोघांनी नाही म्हटलं. म्हणजे गळतीची खबर दोन देशांच्या बंदरांत पोचली होती. तिथेच अडली. आणि आगीचा व्हिडिओ मात्र अडीच वर्षांनी माझ्या घरात.

मग शनिवारी आजोबांकडे गेले. रागावून नाही गेले. चहा झाला, मी फोन मागितला, त्यांनी दिला. व्हिडिओ त्यांना मस्कतहून मेहुण्याने पाठवला होता, २६ जानेवारीला संध्याकाळी, म्हणजे क्षेपणास्त्र लागायच्या आधी. आम्ही तिथेच मेहुण्यांना फोन लावला. ते बांधकाम कंपनीत आहेत, त्यांना केरळच्या सहकाऱ्याने पाठवला होता. मेहुण्यांनी त्यांचा चॅट उघडून स्क्रीनशॉट टाकला. व्हिडिओच्या वर त्या सहकाऱ्याने इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या होत्या. कोलंबो, २०२१, माझा चुलत भाऊ तेव्हा या कंपनीच्या दुसऱ्या जहाजावर होता, असं काहीसं. समुद्रावर काम करणाऱ्यांच्या गप्पा चालल्या होत्या त्यांच्या. मेहुण्यांनी व्हिडिओ पुढे पाठवला, त्या दोन ओळी मागे राहिल्या, महापेच्या दादांनी सांगितलं तस्सं. आजोबांना झोप येत नव्हती, रात्री टीव्हीवर पट्टी पाहिली, संध्याकाळी आलेला व्हिडिओ आठवला, आणि त्यांनी मनाने ती ओळ लिहिली.

मी रात्रभर कुणा खोटं बोलणाऱ्याला शोधत होते. पूर्ण साखळी उघडून बघितली, त्यात कुणीही खोटं बोललं नव्हतं. आजोबांना मी सांगितलं, की माझा मुलगा त्या रात्री तिथेच होता. त्यांना ते माहीतच नव्हतं. खूप वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा लावून ग्रुपवर स्वतः लिहिलं, की तो व्हिडिओ कोलंबोचा, मे २०२१ चा आहे, मला मस्कतहून २६ तारखेला आला, चूक माझी.

मार्कोनी काका, त्यांना तुमच्या टेलिग्रामचं सांगितलं. ते पोस्टात होते, त्यांना शब्द मोजणं चांगलंच माहीत निघालं. कोपरीला तुमच्याकडे यायचं म्हणतायत.

मुलाचं जहाज आता गुजरातमधल्या सिक्का बंदरातून रॉटरडॅमला निघालंय, लाल समुद्र टाळून, केप ऑफ गुड होपवरून आफ्रिकेला वळसा घालून. दहा-बारा दिवस जास्त लागतील. आज सकाळी मेसेज होता. ‘३५ दक्षिण. केप उजव्या हाताला. वारा फार. ०४०० यूटीसी.’ साडेपाच मिळवले, साडेनऊ. तेव्हा मी भाजी आणायला सेक्टरच्या मार्केटात होते. उद्या शाळेत जाऊन नकाशावरची टाचणी खाली सरकवायची आहे.